मस्टँग जीटी २००७: मागचे लोअर कंट्रोल आर्म कुठले घ्यावेत?

सांगलीकरीण

नमस्कार मंडळी. गाड्यांवरचे धागे आजवर नुसते वाचत होते, आता विचारायची पाळी आली.

गाडी २००७ ची मस्टँग जीटी, ४.६ लिटरचं व्ही-८, पाच गिअरची मॅन्युअल. मी मिशिगनला नोव्हीत राहते. मुलगा कॉलेजला गेल्यावर मिनीव्हॅन विकली आणि ही सेकंड हँड घेतली. "हे काय वय आहे का?" हा प्रश्न घरातून आणि सांगलीहून दोन्हीकडून विचारून झालेला आहे, तेव्हा तो इथे नको.

आधीच्या मालकाने गाडीला बुटक्या स्प्रिंगा टाकल्यात, त्यामुळे ती मूळ उंचीपेक्षा अंदाजे दीड इंच खाली बसते. बाकी मागचं सगळं कारखान्यातून आलं तसंच आहे. त्रास दोन आहेत. पहिला म्हणजे ओल्या रस्त्यावर सिग्नलवरून जरा जोरात निघाले की मागची चाकं टणाटण उड्या मारतात. घसरत नाहीत, उडतात. सीटखाली कोणी घण घालतंय असं वाटतं. दुसरा म्हणजे खड्ड्यातून गेलं की मागून "टक्" असा एकच आवाज. मिशिगनचे खड्डे ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको.

गॅरेजवाल्याने गाडी वर घेऊन दाखवली. मागचे दोन्ही लोअर आर्म (मागची चाकं बॉडीला धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्या) गंजलेत आणि त्यांच्या पुढच्या बुशाच्या (टोकाच्या सांध्यातल्या गादीच्या) रबराला बोट जाईल एवढी भेग आहे. इथवर पटलं. पण त्याने जी यादी हातात दिली ती अशी: अ‍ॅडजस्टेबल लोअर आर्म, दोन्ही टोकांना रॉड एंड. अ‍ॅडजस्टेबल अप्पर आर्म. अ‍ॅडजस्टेबल पॅनहार्ड बार. लोअर आर्म खाली सरकवायचे रीलोकेशन ब्रॅकेट. वर "रिअर अलाइनमेंट". त्या आकड्यात आमचं पुण्याचं विमानाचं तिकीट येतं.

मी शर्यत वगैरे लावत नाही. रोज आय-९६ वरून कामाला, उन्हाळ्यात कधी डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर चक्कर, बर्फ पडायला लागला की गाडी गॅरेजमध्ये. सासूबाई आल्या की त्या पुढच्या सीटवर, नवरा चालवतो आणि मी मागे गुडघे पोटाशी घेऊन. म्हणजे मागच्या सीटखालचा आवाज ऐकायला मीच असणार.

तेव्हा यातलं खरंच काय हवंय? आणि लोअर आर्म घ्यायचे तर बुश रबरचे, पॉलीयुरेथेनचे (टणक प्लास्टिकसारखे) की रॉड एंड? मी मेकॅनिकल नाही, पण समजावून सांगितलं तर समजतं.

ऑटोक्रॉसवाला

रॉड एंड घ्या आणि मोकळ्या व्हा. लोखंडाच्या वाटीत गोळा, त्यात रबर नाही, पॉली नाही, सडायला काही नाही. अ‍ॅक्सल जिथे असायला हवा तिथेच राहतो. माझ्या २०१२ च्या जीटीला दोन्ही टोकांना आहेत, एक्झिट रँपवर (हायवेवरून उतरायच्या वळणावर) गाडी रुळावर असल्यासारखी जाते. उड्या पूर्ण बंद. आवाजाचा लोक उगाच बाऊ करतात, व्ही-८ घेऊन शांतता कोणाला हवी असते?

गॅरेजवाल्याची यादी जरा लांब आहे, पण चुकीची नाही.

तात्या_टोलेडो

सांगलीकरीण बाई, आम्ही इचलकरंजीचे, म्हणजे शेजारीच की. पैसे द्यायच्या आधी एवढं वाचा. लांबेल, पण इलाज नाही.

पहिल्यांदा "रिअर अलाइनमेंट" खोडा. तुमच्या गाडीला मागे सलग अ‍ॅक्सल आहे, दोन चाकांना जोडणारा एकच दांडगा लोखंडी नळ. कॅम्बर, टो (चाकाचा उभा कल आणि त्याचं आत-बाहेर वळलेलं तोंड) हे त्या नळातच ठरलेलं असतं, आर्म बदलून ते हलत नाही. २०१५ पासून मस्टँगला मागे स्वतंत्र सस्पेन्शन आलं, तिथे त्या शब्दाला अर्थ आहे. तुमच्याकडे फार तर अ‍ॅक्सल गाडीच्या मधोमध आहे का आणि सरळ आहे का एवढं बघायचं, आणि ते ओळंब्याने घरीही बघता येतं.

आता तुमच्या गाडीखाली काय आहे ते डोळ्यापुढे आणा. २००५ ते २०१४ च्या मस्टँगला मागे तीन लांबट आर्म आणि एक आडवा बार. दोन लोअर आर्म, डाव्या-उजव्या चाकापाशी. एक अप्पर आर्म मधोमध, डिफरन्शियलच्या (दोन चाकांमधल्या गिअरच्या डब्याच्या) डोक्यावरून पुढे मागच्या सीटखाली जातो. आडवा तो पॅनहार्ड, अ‍ॅक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा. स्प्रिंग थेट अ‍ॅक्सलवर बसते, आर्मवर नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण १९७९ ते २००४ च्या मस्टँगमध्ये स्प्रिंग लोअर आर्मवर बसते आणि अँटी-रोल बारही (वळणात गाडीला फार कलू न देणारी दांडी) त्यालाच अडकतो. इंटरनेटवर "मस्टँग कंट्रोल आर्म" म्हणून जे सल्ले पडलेत त्यातले निम्मे त्या जुन्या गाड्यांचे आहेत. वाचताना साल बघा.

उड्या का मारते? चाकाला ताकद मिळाली की अ‍ॅक्सलचं घर उलट्या दिशेला फिरायला बघतं, पिनियनचं (इंजिनकडून येणारा शाफ्ट जिथे मिळतो त्या गिअरचं) नाक वर उचलतं. लोअर आर्म पुढे ढकलले जातात, अप्पर आर्म मागे ताणला जातो. बुश मऊ पडलं असेल तर अ‍ॅक्सल आधी थोडा पिळला जातो, मग टायर सुटतो, सुटला की पिळलेलं रबर अ‍ॅक्सलला झटक्याने परत आणतं, टायर पुन्हा पकडतो, पुन्हा पिळ. हे सेकंदाला कितीतरी वेळा झालं की तुमचा तो घण. तेव्हा बोट जाईल एवढी भेग पडलेलं बुश हे तुमच्या उड्यांचं एक कारण नक्की आहे.

दुसरं कारण त्या बुटक्या स्प्रिंगा, आणि ते कोणी सांगत नाही. मूळ उंचीला लोअर आर्म जमिनीला जवळपास समांतर असतो. गाडी खाली बसवली की बॉडीकडचं टोक खाली येतं, अ‍ॅक्सलकडचं जागेवरच राहतं. आर्म पुढे उतरता झाला. मग निघताना आर्ममधून जो जोर पुढे जातो, त्यातला गाडीचं बूड उचलून धरणारा आणि टायर जमिनीत दाबणारा भाग कमी होतो. यालाच अँटी-स्क्वॉट म्हणतात. रीलोकेशन ब्रॅकेट अ‍ॅक्सलकडचं टोक खाली घेऊन हा कोन परत आणतं. त्यामुळे तुमच्या यादीत मला ब्रॅकेटचं नाव बघून बरं वाटलं. चार वस्तूंत तीच एक आहे जी तुमच्या गाडीची उंची बघून लिहिलीय.

पण ब्रॅकेटला दोन-तीन भोकं असतात आणि सगळ्यात खालचं भोक ड्रॅग स्ट्रिपवाल्यांसाठी (सरळ रेषेत शर्यत लावणाऱ्यांसाठी) आहे. आर्म मागे फार उतरता केला तर वळणात गाडी कलताना बाहेरचं चाक मागे सरकतं, आतलं पुढे, आणि अख्खा अ‍ॅक्सल स्वतःच स्टिअरिंग मारतो. ओल्या एक्झिट रँपवर शेपूट बाहेर. तुम्ही वरचंच भोक घ्या. आर्म समांतर झाला की थांबा.

आता बुश. माझं मत आधीच सांगतो: रस्त्यावरच्या गाडीला आर्म निवडायचा म्हणजे बुश निवडायचं. आर्मचं लोखंड चौकोनी नळीचं, गोल नळीचं, लाल रंगाचं, त्याने तुमच्या वापरात काडीचा फरक पडत नाही.

वळणात काय होतं? बॉडी कलते, अ‍ॅक्सल रस्त्याला धरून राहतो. आर्मचं पुढचं टोक बॉडीबरोबर कलतं, मागचं सरळ राहतं, म्हणजे मधला आर्म ओलं धोतर पिळावं तसा पिळला जातो. कंपनीचा आर्म पत्र्याचा, दाबून केलेला, एका बाजूने उघडा. तो स्वस्त दिसतो म्हणून लोक नाक मुरडतात, पण उघडा असल्यामुळेच तो थोडा पिळू देतो, उरलेलं रबर सांभाळतं. आता तुम्ही त्याजागी जाड बंद नळीचा आर्म घातलात आणि दोन्ही टोकांना टणक पॉली. पिळायला जागाच नाही. अडकलेला आर्म मग दुसऱ्या अँटी-रोल बारसारखा वागतो, मागचा भाग एकदम ताठ होतो, आणि पकड जाते तेव्हा सांगून जात नाही. सरळ रस्त्यावर हे कधीच कळणार नाही. कळेल ते एखाद्या पावसाळी वळणावर.

म्हणून एक टोक तरी पिळू देणारं हवं. त्याच्या वाटा अशा. कंपनीसारखंच पण जरा टणक रबर: फोर्डच्याच शेल्बी जीटी-५०० चे लोअर आर्म तुमच्या गाडीला सरळ बसतात, त्यांचं रबर कडक आहे. किंवा तीन तुकड्यांचं पॉली, ज्यात मधला गोळा थोडा हलतो. किंवा बॉडीकडे पॉली आणि अ‍ॅक्सलकडे गोलाकार जॉइंट. बीएमआर, स्टीडा, यूएमआय, जे अँड एम ही मंडळी यातले वेगवेगळे प्रकार बनवतात. नावापेक्षा बुशाचा फोटो बघा, आणि ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) आहे की नाही ते बघा.

ऑटोक्रॉसवाल्या दादाचं एक बरोबर आहे, दोन्हीकडे रॉड एंड असले की अडकणं शून्य. पिळ, कल, सगळं मोकळं. पण रॉड एंडच्या आत टेफ्लॉनचं पातळ अस्तर असतं आणि ते उघड्यावर असतं. आमच्याकडे नोव्हेंबरपासून बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पडतं. तुम्ही बर्फात गाडी काढत नसलात तरी एप्रिलमधल्या पहिल्या पावसात ते मीठ-रेतीचं पाणी त्यात जाणारच. अस्तर झिजलं की खड्ड्यातला तो "टक्" परत, या वेळी नवीन पैशांचा.

अप्पर आर्मला हात लावू नका. त्याचं पुढचं टोक मागच्या सीटखालच्या ब्रॅकेटात आहे, मागचं बुश डिफरन्शियलच्या घरातच दाबून बसवलेलं. तिथे टणक काही घातलं की गिअरचा घूं-घूं थेट सीटच्या फोममधून वर येतो. त्या सीटवर कोण बसतं ते तुम्हीच लिहिलंय. अप्परची लांबी बदलतात ती पिनियनचा कोन जुळवायला. दीड इंच खाली आलेल्या, मूळ दोन तुकड्यांचा प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागे नेणारा) असलेल्या गाडीला, वेगात कंपन येत नसेल तर त्याची गरज नाही. पुढे कधी घेतलाच तर साल नीट बघून मागवा, २००५ ते २०१० चा अप्पर आर्म वेगळा आणि २०११ ते २०१४ चा वेगळा.

लोअर आर्मही अ‍ॅडजस्टेबल नकोत. डावा-उजवा एका आट्याने जरी वेगळा झाला तर अ‍ॅक्सल तिरका, गाडी रस्त्यावर खेकड्यासारखी चालते... नाही, उपमा पुरे झाल्या. तिरकी चालते. शिवाय ते आटे मिठात गंजून एकदा बसले की पुन्हा कोणी फिरवू शकत नाही, मग अ‍ॅडजस्टेबल कशाला म्हणायचं?

पॅनहार्ड: गाडी खाली आली की अ‍ॅक्सल थोडा एका बाजूला सरकतो, कारण बार तिरका होतो. दोन्ही मागच्या फेंडरपासून ओळंबा सोडा आणि टायरपर्यंतचं अंतर मोजा. काही मिलिमीटरचा फरक असेल आणि टायर कुठे घासत नसेल तर सोडून द्या. डोळ्याला खुपत असेल तर घ्या, त्यात नुकसान नाही.

आणि तो "टक्" आवाज लोअर आर्मचाच कशावरून? अँटी-रोल बारच्या लिंका (त्याच्या टोकांच्या जोडदांड्या) आणि शॉक अब्सॉर्बरचं वरचं माउंटिंग हातात धरून हलवून बघायला सांगा. नाहीतर हजार डॉलर घालून तोच आवाज ऐकत बसाल. मिशिगनमध्ये गाडीची वार्षिक तपासणी नसते, त्यामुळे हे तुमच्यासाठी दुसरं कोणी बघणार नाही.

रबरवाला_भोसरी

तात्यांनी गाडीच्या बाजूने सांगितलं, मी कारखान्याच्या बाजूने थोडं घालतो. भोसरीत रबर-मेटल बाँडिंगचं काम करतो. मस्टँगला आजवर हात लावलेला नाही, पण बुश हे बुश असतं.

सांगलीकरीण ताई, रबरी बुशात काहीच कुठे सरकत नाही. आतली नळी, मधे रबर, बाहेरची नळी, तिन्ही एकमेकांना चिकटवून व्हल्कनाइझ (उष्णतेने पक्की) केलेली. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर स्वतः पिळलं जातं आणि परत येतं. घासणं नाही म्हणून ग्रीस नाही, आवाज नाही. पॉली तसं नसतं. ते चिकटवलेलं नसतं, आतल्या नळीवर ते सरकायलाच हवं. ग्रीस सुकलं की अडकतं-सुटतं, अडकतं-सुटतं, तीच ती करकर. सिलिकॉनचं चिकट ग्रीसच लावा आणि निपल नसेल तर दर वर्षी-दोन वर्षांनी खोलायची तयारी ठेवा.

टणकपणा शोअर ए मध्ये मोजतात. सस्पेन्शनच्या बुशाचं रबर साधारण ५० ते ७०, बाजारातलं पॉली ८० ते ९५. पण विक्रेते हा आकडा फेकतात तेव्हा फसू नका. त्याच ६० शोअरच्या रबराची भिंत पातळ केली की बुश कितीतरी ताठ होतं, आणि त्यात दोन चंद्रकोरी पोकळ्या ठेवल्या की एका दिशेला मऊ, दुसऱ्या दिशेला ताठ. चांगला डिझाइनर हेच करतो: लांबीच्या दिशेने ताठ म्हणजे अ‍ॅक्सल पिळायचा नाही, आणि पिळाला मऊ म्हणजे वळणात अडकायचं नाही. रबराला हे दोन्ही एकदम जमतं. पॉलीच्या साध्या गोल डब्यात सगळ्या दिशा सारख्याच टणक. तुमच्या जागी मी कडक रबरच घेतलं असतं.

अजून एक, थंडीत पॉली रबरापेक्षा आधी कडक होतं. तुम्ही हिवाळ्यात गाडी काढत नाही म्हणता, पण मार्चमधली तुमची सकाळ आमच्या डिसेंबरपेक्षा गारच असणार.

आणि जुने बोल्ट सोडवताना गंज सुटायचं तेल नव्या रबरावर उडू देऊ नका. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगतं. आमच्याकडे परत आलेल्या मालात फाटलेल्यापेक्षा फुगलेली बुशं जास्त असतात.

ऑटोक्रॉसवाला

तात्या, मिठाचं मान्य. माझी गाडी डलासला असते, इथे मीठ फक्त मार्गारिटाच्या ग्लासला लागतं. पण रॉड एंडला रबरी टोप्या मिळतात, त्या घातल्या तर बरीच वर्षं काढतात. आणि तो कडक रबराचा आर्म शेवटी पत्र्याचाच ना? लाँच करताना (जोरात निघताना) तो वाकतो.

तात्या_टोलेडो

टोप्या मिळतात, खरंय. त्या पाणी आत जाऊ देत नाहीत आणि एकदा गेलेलं बाहेरही येऊ देत नाहीत. डलासला चालेल.

पत्र्याचा आर्म वाकतो ते चिकट टायर लावून ड्रॅग स्ट्रिपवर क्लच सोडणाऱ्यांचा. ३०० अश्वशक्ती, साधे रस्त्याचे टायर आणि आय-९६ चा ट्रॅफिक, यात आधी टायर घसरेल. तुमच्यात आणि बाईंच्यात गाडी सारखी आहे, वापर नाही.

सांगलीकरीण

बाप रे, एवढं कोणी बसून लिहील असं वाटलं नव्हतं. मनापासून आभार, तिघांचेही.

काल गॅरेजमध्ये जाऊन लिंका हलवायला लावल्या. उजवीकडची लिंक हाताने खुळखुळते! म्हणजे "टक्" बहुतेक तिचाच. गॅरेजवाला म्हणाला, "ते पण बदलून टाकू." पण. म्हणजे आधीच्या यादीतलं काही कमी करायची तयारी नाही. मग ओळंबाही सोडला, शिवणाच्या डब्यातला दोरा आणि एक नट बांधून. अ‍ॅक्सल डावीकडे थोडासा सरकलाय, टायर कुठे घासत नाही. पॅनहार्ड खोडला.

आता विचार असा आहे: कडक रबराचे लोअर आर्म, ब्रॅकेट आणि दोन नव्या लिंका. नवरा म्हणतो एवढंच असेल तर आपणच करू, त्याचा मित्र कँटनला आहे, त्याच्याकडे हत्यारं आहेत. घरी जमेल का? आणि रबराचा आर्म बसवताना काही वेगळं करावं लागतं का?

तात्या_टोलेडो

जमेल. अवघड काही नाही, गंज सोडून.

आदल्या दोन-तीन संध्याकाळी बोल्टांना गंजाचं तेल मारून ठेवा. भोसरीकरांनी सांगितलं ते नव्या रबराचं, जुनं तर फेकायचंच आहे, हवं तेवढं भिजवा. लोअर आर्मचा बोल्ट बुशाच्या आतल्या नळीत गंजून एकजीव होतो, नट सुटतो आणि बोल्ट नळीसकट फिरत बसतो. तसं झालं तर मारामारी करू नका, रेसिप्रोकेटिंग सॉ (मागे-पुढे चालणारी विजेची करवत) लावून बुशाच्या दोन्ही बाजूंनी कापा. म्हणून बोल्ट आणि नट नवे आधीच मागवून ठेवा, जुने परत वापरायचेच नाहीत.

एका वेळी एकच बाजू. दोन्ही आर्म एकदम काढले तर अ‍ॅक्सल मागे-पुढे हलतो आणि भोकं जुळवता-जुळवता रविवार जातो. एक बाजू जोडलेली असली की दुसरी फारशी हलत नाही. तरी काही मिलिमीटर कमी-जास्त झालंच तर पट्ट्याने अ‍ॅक्सल ओढून घ्या, हातोड्याने बोल्ट ठोकू नका.

ब्रॅकेट आर्मच्या आधी बसवा. बोल्टने बसणारं घेतलंत तर अ‍ॅक्सलच्या कानाला ते अगदी चिकटून बसलंय का बघा. मधे रंगाचा किंवा गंजाचा थर राहिला तर पुढे सैल पडतं. वायर ब्रशने लोखंड उघडं करा, बसवल्यावर रंग मारा. महिन्याभराने एकदा टॉर्क रेंच पुन्हा फिरवा.

आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, हे सगळ्यात महत्त्वाचं: रबरी बुशाचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटचे आवळायचे नाहीत. भोसरीकर म्हणाले तसं रबर नळीला चिकटलेलं आहे. लटकलेल्या अवस्थेत आवळलं की तीच त्याची "सरळ" जागा होते, आणि गाडी खाली आल्यावर ते कायमचं पिळलेलं राहतं. मग फाटतं. आधी नुसते हाताने लावा, मग मागची चाकं रँपवर (गाडी चढवायच्या उतरत्या घोड्यांवर) घेऊन, गाडीचं पूर्ण वजन चाकांवर असताना मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. चाकं रँपवर, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे, हँडब्रेक. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली कोणी शिरायचं नाही, मित्र कितीही हुशार असो.

काही गॅरेजवाले घाईत लटकत्या गाडीलाच आवळून टाकतात. घरी करताय ते या एका कारणासाठीसुद्धा चांगलं.

रबरवाला_भोसरी

शेवटच्या परिच्छेदाला माझ्या अख्ख्या खात्याचं अनुमोदन. वॉरंटीत परत आलेलं बुश बघितलं की ते कुठल्या स्थितीत आवळलं होतं ते फाटीच्या दिशेवरून कळतं. फाट एकाच बाजूला आणि तिरकी असली की समजायचं, लटकवून आवळलंय.

ताई, जुन्या आर्मचं ते पुढचं बुश फेकायच्या आधी त्याचा फोटो टाका ना. भेग कुठून सुरू झालीय ते बघायचंय.

सांगलीकरीण

टाकते. आर्म, ब्रॅकेट, लिंका आणि बोल्ट मागवले. गॅरेजवाल्याला फोन करून यादी रद्द केली, तो जरा खट्टू झाला पण तेल बदलायला त्याच्याकडेच जाईन म्हटल्यावर निवळला.

मित्राकडे रँप आहेत पण ते जुन्या ट्रकचे, उंच. मस्टँगचा पुढचा बंपर घासेल का, की मागून चढवायची असल्यामुळे प्रश्न नाही? आणि टॉर्क रेंच १५० फूट-पाउंडपर्यंतचा पुरेल ना?

तात्या_टोलेडो

रिव्हर्समध्ये चढवा. मागे एक्झॉस्टची टोकं बघा, पुढचा बंपर चढताना नाही पण मागचं उचललं गेल्यावर जमिनीकडे झुकेल. खाली आलेली गाडी आहे, आधी मोजा. उंच वाटलं तर दोन बाय दहाच्या फळ्या एकावर एक स्क्रूने पक्क्या करा, तेवढी उंची आवळायला पुरते.

१५० चा पुरेल.